कोटंबीला जायला क्रिकेट कळायलाच हवं का?

सेवउसळ:
आतेभावाशी यावरून वाजलं, म्हणून इथे टाकतोय. 14 फेब्रुवारी 2025 ला डब्ल्यूपीएलची, म्हणजे बायकांच्या आयपीएलची, त्या सीझनची पहिली मॅच आपल्या बडोद्याजवळच्या कोटंबी स्टेडियमवर झाली, गुजरात जायंट्स विरुद्ध बंगळुरू. मी गेलो होतो, आणि तेव्हापासून जमेल तेव्हा जातो. क्रिकेट मला बेताचंच कळतं. एलबीडब्ल्यू अजून डोक्यात शिरलेलं नाही. अंपायरने बोट वर केलं की आपण मान्य करायचं. आतेभाऊ म्हणतो, तुझ्यासारखे लोक मॅच बघायला नाही, भेळ खायला जातात.

असेलही. पण त्या दिवशी आम्ही बाउंड्रीला अगदी लागून बसलो होतो. सीमारेषेवरून केलेली फेक टीव्हीवर नुसती दिसते, तिथे चेंडू हवेत सणसणताना ऐकू येतो आणि मग कीपरच्या ग्लोव्हजमध्ये थप्प. आमच्यासमोरची फिल्डर ओव्हर संपली की केसांचं रबर काढून पुन्हा घट्ट बांधायची. पाच वर्षांची पुतणी प्रत्येक वेळी तिच्याबरोबर स्वतःचे केस सोडून बांधत होती. गुजरातने 201 केले तेव्हा वाटलं, झालं, जिंकलो. मग रिचा घोष आली, 27 चेंडूंत नाबाद 64, आणि नऊ चेंडू राखून मॅच गेली. आपली टीम हरली आणि मी टाळ्या वाजवत घरी आलो. यात माझं काय चुकलं?

लेगस्लिप:
बडोद्यात राहून हे लिहिता, कमाल आहे. याच शहरात 1946-47 च्या रणजी फायनलला हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध 577 ची भागीदारी केली. 288 आणि 319. फर्स्ट क्लासमध्ये कुठल्याही विकेटसाठी त्याहून मोठी भागीदारी व्हायला 2006 उजाडलं, संगकारा-जयवर्धने. अशा गावात रणजीला स्टँड रिकामे आणि डीजे लागला की रांगा. तुम्हाला खेळ नको, जत्रा हवी. आणि घरची टीम हरताना टाळ्या? आमच्या वेळी पोळी गळ्याखाली उतरायची नाही.

वाडीची सून:
लेगस्लिप काका, त्या फायनलला आलेल्या सगळ्यांना गुगली ओळखता येत होती का? निम्मे कुणाबरोबर तरी आले असतील, डबा घेऊन.

माझ्या सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा स्टेडियमात गेल्या त्या डिसेंबर 2024 मध्ये, आपल्या मुलींची वेस्ट इंडीजबरोबर वन डे होती तेव्हा. स्मृती मंधाना 91 वर आउट झाली तर सासूबाईंचा चेहरा असा, जणू दहावीला घरातल्या पोरीचा एका मार्काने नंबर हुकला. "नऊच राहिले होते गं," हे घरी येईपर्यंत चाललं होतं. भारत 211 धावांनी जिंकला, त्याचं त्यांना काही नाही. आता त्या स्कोअर विचारतात. तुमच्या रिकाम्या स्टँडसाठी माणसं इथूनच यायची आहेत, आभाळातून नाही पडणार.

लेगस्लिप:
ताई, सासूबाईंना माझा नमस्कार, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आवाजाची आहे. चौकार गेला की गाणं, विकेट पडली की गाणं, काहीच झालं नाही तरी गाणं. मधला शांत वेळ हाच खरा खेळ असतो हो. बोलर मागे जातो, कॅप्टन एक माणूस दोन पावलं सरकवतो, आणि तिसऱ्या चेंडूला कॅच बरोब्बर तिथेच जातो. हे तुम्हाला दिसूच देत नाहीत. रणजीला येऊन बसा. गेटवर कुणी तिकीट विचारत नाही, आणि स्लिपमधली बडबड स्टँडपर्यंत ऐकू येते.

नदीपलीकडचा:
भांडा तुम्ही. मला फक्त एवढं सांगा, मॅच संपल्यावर हालोल रोडवरून माणसासारखं घरी कसं यायचं? मागच्या वेळी विश्वामित्रीतली मगरसुद्धा माझ्या आधी पोचली असती.

गोरव्याचा:
मी मधला. डिसेंबर 2010 ला बाबांबरोबर रिलायन्स स्टेडियमवर न्यूझीलंडची वन डे बघितली होती. गौतम गंभीर नाबाद 126, हा आकडा आत्ता शोधून लिहिला, आठवत नव्हता. आठवतं ते हे, की विजयाचा फटका गेला आणि आमचे बाबा दोन बोटं तोंडात घालून अशी शिटी मारते झाले की पुढच्या ओळीने मागे वळून बघितलं. बाबांना शिटी येते हे मला तोवर माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं.

लेगस्लिप, हे क्रिकेट बघण्यात धरायचं की नाही?

लेगस्लिप:
धरतो. बाबांना क्रिकेट कळत असणार.

गोरव्याचा:
अजिबात नाही. हॉकीवाले होते.

सेवउसळ:
डीजेबद्दल मात्र मी काकांच्या बाजूने. पुतणीने सतराव्या ओव्हरला कानांवर हात ठेवले ते घरी येईपर्यंत काढले नाहीत. पण टाळ्यांबद्दल माघार नाही. रिचाने समोर जो सिक्स मारला तो वर जाताना आमच्या अख्ख्या ओळीचं तोंड उघडं पडलं होतं, त्यात गुजरातचे झेंडेवालेही होते. उघडं तोंड कोणत्या टीमचं, हे कसं ठरवायचं?

रणजीला येतो. पण कुणी एलबीडब्ल्यू झालं की का झालं ते सांगावं लागेल.

लेगस्लिप:
सांगेन. भेळ आणायला मात्र ओव्हर संपल्यावरच उठायचं. आणि समोरून जाताना वाकून.