गहाण, तारण, सावकार, परवाना : कोणता शब्द कुठे?

प्रश्न

दागिने ठेवून घेऊन पैसे देणाऱ्या एका पेढीसाठी नोकरभरतीची जाहिरात मराठीत करते आहे. मूळ मजकुराच्या मसुद्यात ‘परवानाधारक कर्मचारी पाहिजे’ असं आहे. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला असा परवाना खरंच असतो का? आणि अशा पेढीला मराठीत काय म्हणावं? इंग्रजी ‘पॉनब्रोकर’साठी भाषांतराच्या यंत्रानं ‘प्यादे दलाल’ असं दिलं, ते अर्थातच चालणार नाही.

उत्तर

‘प्यादे’ बुद्धिबळातलं, ते सोडूनच द्या. ‘दलाल’ही नको. दलाल दोघांच्या मध्ये उभा राहून व्यवहार जुळवतो आणि दलाली घेतो. इथे पेढीवाला स्वतःचे पैसे देतो, वस्तू स्वतःच्या तिजोरीत ठेवतो आणि व्याज घेतो. म्हणजे तो सावकार. कायदाही त्याला तेच म्हणतो. १९४६ च्या मुंबई सावकार अधिनियमाच्या जागी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ आला. त्यातल्या सावकाराच्या व्याख्येत वस्तू गहाण घेऊन कर्ज देणाराही येतो. जाहिरातीत ‘गहाणवटीचा व्यवसाय करणारी पेढी’ लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळेल.

आता परवाना. तो धंद्याला असतो, गल्ल्यावरच्या माणसाला नाही. सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकाच्या कार्यालयात अर्ज द्यायचा, परवाना जिल्हा निबंधक देतो. कोणत्या नावानं धंदा चालणार, व्यवस्थापनाची जबाबदारी कोणाकडे राहणार, हे अर्जातच लिहून द्यावं लागतं. म्हणजे जबाबदार व्यवस्थापकाचं नाव कागदावर येतं, पण वजन करणारा, पावती फाडणारा, वही लिहिणारा यांना या कायद्याखाली वेगळा परवाना नाही. म्हणून ‘परवानाधारक कर्मचारी’ चूक आहे. ‘परवानाधारक सावकाराच्या पेढीत कर्मचारी पाहिजे’ असं करा. वाक्य लांबेल, पण खरं होईल.

‘परवाना’ की ‘अनुज्ञप्ती’, असं कोणी विचारण्याआधीच सांगतो : दोन्ही एकच. सरकारी कागदांत अनुज्ञप्ती भेटते, कायद्याच्या मराठी पाठांत ‘लायसन’ही दिसतं. लोक मात्र ‘सावकारी परवाना’च म्हणतात आणि जाहिरातीत तेच बरं.

आणखी एकाची भर

परवान्याबरोबर ‘कार्यक्षेत्र’ हा शब्दही समजून घ्यायला हवा. परवाना ज्या क्षेत्रापुरता दिला आहे, त्याच्या बाहेर सावकाराला धंदा करता येत नाही. हे कोरडं कलम वाटतं, पण २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडची कर्जं शासनानं फेडायचं ठरवलं, तेव्हा याच शब्दावर गाडी अडली. सावकार परवानाधारक, कर्ज खरं, दागिना तिजोरीत. पण शेतकऱ्याचं गाव कार्यक्षेत्राबाहेरचं. अशा कर्जांचं काय करायचं, हा वाद पुढे बरीच वर्षं चालला. ‘सावकाराकडे परवाना आहे ना?’ एवढं विचारून भागत नाही, ‘आमच्या गावाचा आहे का?’ हेही विचारावं लागतं.

प्रश्नकर्तीचा पुढचा प्रश्न

आभार. ‘गहाण’ आणि ‘तारण’ यांत फरक करावा का? जाहिरातीत पेढीवाल्यांना ‘तारण’च हवं आहे.

उत्तर

फरक आहे, आणि तो बोलण्यात सहज दिसतो. ‘पाटल्या गहाण टाकल्या’ असं ठेवणारा म्हणतो. ‘पाटल्यांच्या तारणावर कर्ज दिलं’ असं देणारा म्हणतो. गहाण ही वस्तूची अवस्था, तारण म्हणजे देणाऱ्याच्या हातातली हमी. म्हणून ‘विनातारण कर्ज’ होतं, ‘विनागहाण’ कोणी म्हणत नाही. आणि ‘अक्कल गहाण टाकली’ म्हणतात, तारण ठेवली असं नाही. गहाण शब्दाला घरातल्या नामुष्कीचा वास आहे, त्यामुळे कर्ज देणारे सगळे ‘सोनेतारण’ म्हणू लागले. त्यांची अडचण समजते. पण पावतीवर ‘गहाण’ हा शब्द असावा असं माझं ठाम मत आहे. वाचता येणाऱ्या कोणालाही त्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

गहाणातही पोटभेद आहेत. वस्तू किंवा जमीन कर्जदाराच्याच ताब्यात राहिली आणि हक्क तेवढा अडकला, तर नजरगहाण. कर्जावर घेतलेल्या गाडीचं असंच असतं. ताबा देणाऱ्याकडे गेला तर ताबेगहाण. दागिन्यांच्या पेढीत ताबा जातोच. म्हणून पावती लिहिणाऱ्याचं काम नाजूक. मंगळसूत्र आलं की काळ्या मण्यांचं वजन वजा करायचं, पोकळ दागिन्यात लाख भरलेली असेल तर ती धरायची नाही, खडे वेगळे. ढोबळ वजन आणि निव्वळ वजन असे दोन आकडे पावतीवर यायला हवेत. एकच आकडा लिहिला की सोडवायच्या दिवशी भांडण ठरलेलं. जाहिरातीत कर्मचाऱ्याची पात्रता लिहायची तर हे लिहा.

तिसऱ्याचं म्हणणं

वर्तमानपत्रं ‘खासगी सावकार’ हा शब्द बेकायदा सावकारासाठी वापरतात, त्यावर माझा आक्षेप आहे. परवाना घेतलेला सावकारही खासगीच असतो. दोघांना एकच विशेषण लावलं की अडलेल्या माणसाला फरकच कळत नाही. ‘बिनपरवाना सावकार’ किंवा ‘अवैध सावकार’ म्हणावं. परवाना नसताना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. एवढा फरक शब्दात दिसायला हवा.

आणि ‘टक्के’. सावकारीच्या बोलीत ‘तीन टक्के’ म्हणजे महिन्याला शेकडा तीन रुपये, वर्षाचे छत्तीस. शासनानं २०१४ साली ठरवलेले दर वार्षिक आहेत : शेतकऱ्याला तारण कर्ज ९ टक्के, विनातारण १२; इतरांना तारण १५, विनातारण १८. हेच दर बोलीत आणले तर महिन्याला शेकडा पाऊण रुपया, एक रुपया, सव्वा रुपया आणि दीड रुपया होतात, चारही आकडे तोंडी ठेवण्याजोगे. पेढीच्या फलकावर ‘१५ टक्के’च्या खाली ‘महिन्याला शेकडा सव्वा रुपया’ असंही लिहायला सांगा. दागिना घेऊन आलेली बाई ‘तीन टक्के’ ऐकून ते पंधरापेक्षा कमी समजते, आणि हिशेब तिच्या बाजूनं कोणी करून देत नाही.