मदत हवी आहे : कांद्याच्या मुळात पेशीविभाजनाच्या अवस्था दिसत नाहीत

प्राजक्ती : सोमवारी अकरावीच्या विद्यार्थ्यांना सूत्री विभाजन (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होणे) दाखवायचे आहे. ग्लासातल्या पाण्यावर कांदा ठेवून मुळे आणली, असेटोकार्माइनने रंगवून काचपट्ट्या केल्या. पण प्रत्येक पट्टीत विटांसारख्या रचलेल्या लांबट पेशी आणि प्रत्येकीत एक गोल केंद्रक, एवढेच दिसते. गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर रांगेत येतात ती मध्यावस्था एकही नाही. कुठे अडते आहे, ते कृपया लवकर सांगा.

रानवेल : मुळाचा कोणता भाग घेतला, मुळे केव्हा कापली आणि कापल्यावर कशात ठेवली, हे कळल्याशिवाय नेमके उत्तर देणे कठीण आहे.

भालचंद्र_ना : कांदा सोडा आणि लसूण घ्या. एका पाकळीला भरपूर मुळे फुटतात. मी कायम लसूणच वापरतो.

सूक्ष्मदर्शी : भालचंद्रराव, दोन्हींच्या पेशींत गुणसूत्रे 16च असतात. अडचण मुळाच्या जातीत नाही, त्यामुळे ताईंना नव्याने मुळे आणायला लावू नये.

निफाडकर : कांदा बाजारातला आहे का? लासलगावच्या 'कृषक' केंद्रात कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून कोबाल्ट-60चे गॅमा किरण देतात. त्या किरणांनी विभाजन होणाऱ्या पेशींनाच इजा होते.

सूक्ष्मदर्शी : माहिती मोलाची आहे, परंतु बाजारातला बहुतेक कांदा तेथून येत नाही.

शेवंता : कांद्याच्या कोवळ्या फुलकळीतील परागकोश चेपले, तर अर्धगुणसूत्री विभाजनही (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे) सुंदर दिसते. तेही दाखवा.

प्राजक्ती : अर्धगुणसूत्री विभाजन पुढच्या सत्रात आहे. मुळे दुपारी कापली, टोक फार बारीक असल्याने मधला भाग घेतला आणि थेट रंगात टाकला.

रानवेल : मग उत्तर मिळाले. विभाजन चालते ते मूळटोपीच्या (मुळाच्या टोकावरील आवरणाच्या) लगतच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये. त्याच्या वरच्या पेशी विभाजन थांबवून लांब होत असतात आणि तुम्हाला त्याच दिसल्या. मुळे सकाळी कापावीत, कारण त्या वेळी विभाजन पावणाऱ्या पेशी सहसा अधिक मिळतात. कापताच ती तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल (जवळजवळ पाणी नसलेल्या) असेटिक आम्लाच्या मिश्रणात चोवीस तास ठेवावीत, म्हणजे प्रत्येक पेशी ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत स्थिर होते. नंतर एक नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात साठ अंश सेल्सिअसला काही मिनिटे ठेवल्यास पेशींना जोडणारे पेक्टिन सैल होते. धुऊन रंगवल्यावर जे टोक गडद होईल तेवढेच घ्यावे, आच्छादन काच ठेवून टिपकागदावरून अंगठ्याने सरळ दाबावे आणि काच आडवी सरकू देऊ नये. तरीही बहुतांश पेशी दोन विभाजनांच्या मधल्या काळातच असतील. म्हणून आधी दहापटीच्या भिंगाखाली पट्टी सावकाश फिरवावी आणि गुणसूत्रे दिसलेल्या पेशीवरच चाळीसपटीचे भिंग लावावे.

प्राजक्ती : मनःपूर्वक आभार. उद्या सकाळी मुळे कापते. प्रयोगशाळेत ग्लेशियल आम्ल नाही, घरचे व्हिनेगर चालेल का?

सूक्ष्मदर्शी : चालणार नाही. त्यात बहुतांश पाणीच असते. शेजारच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाकडून थोडे मागून घ्या.

भालचंद्र_ना : शेजारी लसणाची एक पाकळीही पाण्यावर ठेवाच.