चूक कामगाराची असली तरी भरपाई मिळते

दादा, मागावर इजा झालेल्या मेहुण्याला भरपाई मिळेल का, असं तुम्ही विचारलंत. त्याने चालू मागात हात घातला, म्हणजे चूक त्याचीच आणि काही मिळणार नाही, असं उत्तर इथे दोघांनी लिहिलंय. ते खरं नाही. १९२३ च्या भरपाई कायद्यात नुसता निष्काळजीपणा मालकाला सोडवत नव्हता, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच तत्त्व आहे. कामगार नशेत होता, सुरक्षेचा स्पष्ट नियम त्याने मुद्दाम मोडला किंवा गार्ड (यंत्रावरचं संरक्षक झाकण) मुद्दाम काढलं, आणि त्यामुळेच अपघात झाला, तरच मालक सुटतो, आणि हे मालकाने सिद्ध करायचं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर हीही कारणं चालत नाहीत. कुणाची चूक किती, अशी वाटणी होते ती दिवाणी दाव्यात.

आता सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यांचं बघा. मजुरी नगावर. धागा तुटला की माग थांबवून जोडणाऱ्याचाच रोज बुडतो. पट्ट्यावरचं गार्ड महिनोन्महिने कोपऱ्यात पडलेलं, मुकादमाच्या डोळ्यांदेखत. आणि बोट गेलं की म्हणायचं, त्यानेच नियम मोडला! फार चीड येते.

ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागू असेल तर दावा तिकडेच, मालकावर वेगळा नाही. नसेल तर दोन वर्षांच्या आत अर्ज करा. तर्जनी मुळापासून गेली असेल तर कमाईक्षमतेचं नुकसान १४ टक्के धरतात. दवाखान्याचा पहिला केसपेपर आजच बघा. मालकाचा माणूस सोबत गेला की त्यावर "घरी पडून लागलं" लिहिलं जातं. आणि मेहुण्याला कोऱ्या कागदावर सही करू देऊ नका.