पाण्याखालचा देवमासा मोजला कोणी? (वादविवाद स्पर्धेच्या तयारीतील एक शंका)

खानापूरचे_मास्तर

सर्व सभासदांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. पुढील महिन्यात बेळगावात होणाऱ्या वादविवाद स्पर्धेसाठी ‘देवमाशांच्या व्यापारी शिकारीवरील बंदी उठवावी’ हा विषय मिळाला असून आमची नववीची चार मुले तयारी करीत आहेत. त्यांनी समुद्र पाहिला आहे तो चोर्ला घाट उतरून गोव्याला सहल गेली तेव्हाच. देवमासा मात्र त्यांना ठाऊक आहे तो कन्नडमधला ‘तिमिंगिल’ म्हणून किंवा ‘उलटी’च्या तस्करीच्या बातम्यांमधून.

अडचण अशी की, विषयाच्या बाजूने बोलणाऱ्या मुलाने अंटार्क्टिकाभोवती ७ लाख ६० हजार मिंकी देवमासे असल्याचा आकडा मोबाईलवरून शोधून आणला आणि त्यांतले काही शे मारल्याने काय बिघडते, असे विचारले. विरोधी बाजूच्या मुलीने ५ लाख १५ हजार हा आकडा आणला आणि संख्या अडीच लाखांनी घटली, असे ठासून सांगितले. दोघेही आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाचाच हवाला देत होते. दोघांपैकी कोण चुकतो हे मी ठरवीत होतो, तेवढ्यात चौथी मुलगी म्हणाली, ‘सर, पण पाण्याखालचा देवमासा मोजला कोणी?’ मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

आकडेमोड_निपाणी

मास्तर, नमस्कार. तुमचे दोन्ही विद्यार्थी बरोबर आकडे घेऊन आले आहेत. खरा प्रश्न विचारला आहे तो चौथ्या मुलीने. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे मोजणीच्या पद्धतीबद्दल लिहितो.

आपल्या चिकोडी-निपाणी पट्ट्यात उसाच्या फडात मोर असतात. रस्त्याने सरळ चालत जाऊन मोर मोजायला सांगितले, तर रस्त्यालगतचे बहुतेक दिसतील, पन्नास पावलांवरचे थोडे दिसतील आणि फडाच्या पोटातले अजिबात दिसणार नाहीत. मात्र दिसलेला प्रत्येक मोर रस्त्यापासून किती अंतरावर होता याची नोंद ठेवली, तर अंतर वाढत जाते तसे दिसणे कसे कमी होत जाते, याची वक्ररेषा काढता येते. त्या रेषेवरून आपण दोन्ही अंगांना प्रत्यक्षात किती रुंदीची पट्टी ‘पाहिली’ हे ठरते, आणि त्या पट्टीतल्या दाटीवरून संपूर्ण शिवाराचा अंदाज बांधता येतो. देवमाशांची मोजणी हीच आहे. जहाज आधी आखलेल्या नागमोडी रेषांवरून चालते, डोलकाठीवरच्या पिंपात बसलेले निरीक्षक फवारा किंवा पाठ दिसली की तिचा कोन आणि अंतर लिहून घेतात, आणि पुढचे काम गणिताचे असते.

परंतु मोर बुडी मारत नाही, देवमासा मारतो. जहाजाच्या अगदी नाकासमोर असलेला प्राणीसुद्धा त्या घटकेला पाण्याखाली असला तर नोंदीतून सुटतो. स्पर्म देवमासा पाऊण तास, कधी त्याहूनही अधिक वेळ खाली राहतो. ही चूक मोजण्यासाठी एकाच जहाजावर निरीक्षकांच्या दोन तुकड्या एकमेकींना काही न कळवता बसवतात. समजा, पहिल्या तुकडीला ४० देवमासे दिसले, दुसरीला ३०, आणि त्यांतले २० दोघींनाही दिसले. याचा अर्थ, दुसरीने पाहिलेल्या ३० पैकी पहिलीला २० च दिसले, म्हणजे पहिलीची नजर तीनांत दोन इतकीच. तेव्हा तिचे ४० म्हणजे प्रत्यक्षात ६० धरावे लागतात. हे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्या, मुलीच्या शंकेचे निम्मे उत्तर त्यातच मिळेल.

आता तुमच्या आकड्यांकडे येतो. ७ लाख ६० हजार हा १९८२-८३ ते १९८८-८९ या काळातील मोजणीचा जुना अंदाज. पुढे, सुटलेल्या प्राण्यांचा हिशेब अधिक नीट मांडल्यावर आयोगाच्या शास्त्रीय समितीने २०१२ मध्ये १९८५-८६ ते १९९०-९१ या मोजणीच्या फेरीसाठी ७ लाख २० हजार आणि १९९२-९३ ते २००३-०४ या पुढच्या फेरीसाठी ५ लाख १५ हजार हे आकडे मान्य केले. म्हणजे मुलीने एका पद्धतीच्या आकड्यातून दुसऱ्या पद्धतीचा आकडा वजा केला, तेवढी दुरुस्ती करावी. त्याहून महत्त्वाचे असे की, हे आकडे एकटे नसतात. खरी संख्या ज्या दोन टोकांच्या दरम्यान असावी, ती व्याप्ती त्यांच्यासोबत असते. ७ लाख २० हजारांची व्याप्ती ५ लाख १२ हजार ते १० लाख १२ हजार आहे, ५ लाख १५ हजारांची ३ लाख ६१ हजार ते ७ लाख ३३ हजार. दोन्ही व्याप्ती एकमेकींवर बऱ्याच पडतात. त्यात मिंकी देवमासे गोठलेल्या समुद्राच्या फटींमध्ये शिरतात आणि मोजणीचे जहाज तिथे जाऊ शकत नाही; त्यामुळे घट खरी होती, की एका फेरीच्या वेळी अधिक देवमासे बर्फाआड होते, या प्रश्नावर समितीत वर्षानुवर्षे वाद झाला. स्पर्धेत हा आकडा व्याप्तीसकट सांगणारा मुलगा माझ्या हातून तरी पूर्ण गुण घेऊन जाईल.

भीमगड_वाटाड्या

वरील विवेचन उत्तम आहे. मी जंगलाच्या बाजूने थोडी भर घालतो. मिंकीसारखे देवमासे जहाजावरूनच मोजावे लागतात, कारण ते बुडी मारताना शेपूट वर काढत नाहीत. हंपबॅक जातीचा देवमासा मात्र शेपूट उचलतो आणि तिच्या खालच्या अंगावरचे काळे-पांढरे ठसे प्रत्येकाचे वेगळे असतात, वाघाच्या पट्ट्यांप्रमाणे. आपल्या कर्नाटकातच नागरहोळेच्या जंगलात वन्यजीव शास्त्रज्ञ उल्लास कारंत यांनी कॅमेऱ्यातील पट्ट्यांवरून वाघ ओळखून अंदाज काढण्याची पद्धत रुजवली. पहिल्या वेळी टिपलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या वेळी पुन्हा सापडतात यावरून एकूण संख्या काढायची, हे तत्त्व वाघाला आणि हंपबॅकला सारखेच लागू पडते. आमच्या भागात पायांच्या ठशांवरून वाघ मोजण्याचे दिवस पाहिलेल्या माणसाला या फरकाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

मुलांना एक उमेद वाढवणारे उदाहरणही द्या. दक्षिण अटलांटिकच्या पश्चिम भागातील, म्हणजे ब्राझीलच्या बाजूचे हंपबॅक शिकारीमुळे साडेचारशेच्या आसपास उरले होते. ते आता सुमारे २५ हजारांवर गेल्याचा अंदाज २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

वकील_टिळकवाडी

मास्तरांनी मुलांना कायद्याचा क्रमही पक्का करून द्यावा. शिकारीच्या नियमनाचा करार १९४६ चा. व्यापारी शिकारीवरील बंदी आयोगाने १९८२ मध्ये ठरवली आणि ती १९८५-८६ च्या हंगामापासून लागू झाली. नॉर्वेने हरकत नोंदवून ठेवली होती आणि १९९३ पासून तो देश पुन्हा मिंकी मारतो. जपान ‘संशोधनासाठी’ म्हणून अंटार्क्टिकात मारत राहिला. त्याविरुद्ध ऑस्ट्रेलिया आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि ३१ मार्च २०१४ रोजी १२ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला, की ही मोहीम शास्त्रीय संशोधनाच्या परवान्यात बसत नाही. बहुमताच्या बाजूने असलेल्या न्यायमूर्तींमध्ये दलवीर भंडारी होते, जे पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. पुढे २०१८ मध्ये ब्राझीलमधील बैठकीत शिकार पुन्हा सुरू करण्याचा जपानचा प्रस्ताव ४१ विरुद्ध २७ मतांनी फेटाळला गेला आणि २०१९ च्या जून अखेरीस जपान आयोगातून बाहेर पडला. आता तो स्वतःच्या सागरी हद्दीत शिकार करतो. २०२४ पासून त्यात फिन देवमासाही आला.

मोजणीविषयी माझे एकच म्हणणे आहे. मोजणीचा घटक कोणता, हे ठरवणारा निम्मा निकाल तिथेच लावतो. सीमाभागात जन्मलेल्याला हे कळायला पुस्तक लागत नाही. गाव हा घटक धरायचा की तालुका की जिल्हा, यावर बहुसंख्य कोण हे बदलते, आणि आपल्या वडिलांची हयात याच वादात गेली. देवमाशांच्या बाबतीत १९७२ पर्यंत आयोग ‘निळा देवमासा एकक’ वापरत असे: एक निळा म्हणजे दोन फिन, किंवा अडीच हंपबॅक, किंवा सहा सेई. मर्यादा या एककांत दिली जाई, कोणत्या जातीचे किती मारायचे हे कोणी सांगत नसे. साहजिकच जहाजे सर्वांत मोठ्या प्राण्याच्या मागे लागली, तो दुर्मीळ झाल्यावर फिनच्या मागे, नंतर सेईच्या. आजही जपानच्या किनाऱ्यालगत मारला जाणारा मिंकी पॅसिफिकच्या बाजूच्या मोठ्या गटातला, की जपान समुद्राच्या बाजूच्या क्षीण गटातला, हा वाद चालूच असतो.

आकडेमोड_निपाणी

सीमाप्रश्न इथेच थांबवू या, नाहीतर चर्चा देवमाशांकडे परत येणार नाही. वकीलसाहेबांचा मूळ मुद्दा मात्र बिनतोड आहे. त्याला एक जोड देतो.

फार पूर्वी मोजणी वेगळी होतच नव्हती. शिकारी जहाजाला एका दिवसात किती देवमासे मिळाले यावरूनच साठा जोखत. जहाजे वेगवान झाली, पाण्याखालचा आवाज पकडणारी यंत्रे आली, तेव्हा देवमासे घटत असतानाही दिवसाची शिकार टिकून राहिली आणि सारे आलबेल दिसले. त्यातही नोंदी खऱ्या असतील तर. सोव्हिएत ताफ्याने दक्षिण गोलार्धात ४८ हजारांहून अधिक हंपबॅक मारले आणि कळवले २,७१०. हे १९९३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई याब्लोकोव यांनी उघड केले. खऱ्या नोंदींचे कागद एका शास्त्रज्ञाने बटाट्याच्या तळघरात लपवून ठेवले होते, म्हणून हिशेब लागला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दक्षिणेकडे हंपबॅक एकाएकी का नाहीसे झाले, याचे कोडे तोवर शास्त्रज्ञांना सुटत नव्हते.

म्हणूनच आयोगाने नव्वदच्या दशकात स्वीकारलेली नवी कार्यपद्धती मला मोलाची वाटते. तिच्यात अंदाज जितका ढिला, तितकी शिकारीची मर्यादा लहान होते. आणि साठा मूळ संख्येच्या ५४ टक्क्यांच्या खाली असेल तर मर्यादा शून्य. मोजणी न करणाऱ्याला काहीच मिळू नये, असा तिचा रोख आहे. प्रत्यक्षात जहाजांवर देखरेख कोणी करायची यावर एकमत झाले नाही आणि आयोगापुरती ती कार्यपद्धती कागदावरच राहिली.

कारवारची_माहेरवाशीण

आपण सर्वजण आकड्यांत रमला आहात, म्हणून थोडे आडवे बोलते. माझे माहेर कारवारचे, सासर शहापूरचे. माझ्या आजोबांच्या होडीवर देवमाशाला नुसते मासा म्हणत नसत. ‘देव’ हे अक्षर लावूनच बोलत. जिवंत प्राण्याच्या अंगात स्फोटक भाला मारायचा की नाही, हा प्रश्न पाच लाख असले काय आणि सात लाख असले काय, तोच राहतो. विरोधी बाजूच्या मुलीने घटीच्या आकड्यावर सारी मदार ठेवली, तर उद्या संख्या वाढल्यावर तिच्या हातात काय उरेल? वर सांगितलेले ब्राझीलचे २५ हजार हंपबॅक ऐकून तिने शिकारीला संमती द्यायची का?

तरीही, मोजणारा तज्ज्ञ आणि समुद्रावरचा माणूस यांच्यात तज्ज्ञच नेहमी बरोबर असतो असेही नाही. १९७७ मध्ये आयोगाने अलास्कातील इनुपियाट लोकांची बोहेड देवमाशाची पारंपरिक शिकार थांबवायचे ठरवले, कारण तज्ज्ञांच्या मते फार थोडे बोहेड उरले होते. तज्ज्ञ बर्फाच्या कडेवर बसून मोकळ्या पाण्यातून जाणारे प्राणी मोजत होते. शिकारी सांगत होते की, देवमासे बर्फाखालूनही जातात आणि किनाऱ्यापासून दूरवरूनही जातात. पुढे पाण्यात ध्वनिग्राहक सोडून त्यांचे आवाज ऐकले तेव्हा शिकाऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. २०११ च्या मोजणीत त्या साठ्याचा अंदाज १७ हजारांच्या जवळ गेला. मास्तर, तुमच्या चौथ्या मुलीला ही गोष्ट जरूर सांगा. पाण्याखालचे मोजले कोणी, तर कान लावून ऐकणाऱ्यांनी.

खानापूरचे_मास्तर

सर्वांचे मनापासून आभार. आज तासाला दोन तुकड्यांचे गणित फळ्यावर केले आणि पटांगणात खडे लपवून प्रयोगही केला. ७२ खडे ठेवले होते, मुलांचा अंदाज ६५ आला. बाजूने बोलणारा मुलगा आता ‘७ लाख ६० हजार’ म्हणत नाही. ५४ टक्क्यांची अट मान्य असेल तरच बंदी उठवावी, असे म्हणतो. ताईंच्या प्रश्नावर विरोधी बाजूची मुलगी मात्र अडून बसली आहे. आकडा सोडून फक्त जिवाच्या मुद्द्यावर बोलले तर, ‘मग इनुपियाट लोकांनी काय करायचे?’ असे समोरचा विचारील, ही तिची भीती रास्त वाटते.

जाता जाता एक विचारतो. आपल्या मालवण-कारवारच्या समुद्रात किती देवमासे आहेत, याचा असा व्याप्तीसकट आकडा आहे का?

आकडेमोड_निपाणी

हिंदी महासागर १९७९ पासून आयोगाचे अभयारण्य आहे, त्यामुळे आपल्या बाजूला व्यापारी शिकारीचा प्रश्न उरलेला नाही, आणि जिथे शिकारीची मर्यादा ठरवायची नसते तिथे मोजणीवर खर्च करायला कोणी पुढे येत नाही. अरबी समुद्रातील हंपबॅक इतरांप्रमाणे ध्रुवाकडे जात नाहीत, बारमाही इथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्यावर शेपटांच्या छायाचित्रांवरून काढलेला त्यांचा अंदाज शंभराच्या आत येतो. आपल्या किनाऱ्यावर नोंद होते ती बहुधा वाहून आलेल्यांची, जसा जून २०१५ मध्ये रेवदंड्याला ४२ फुटी निळा देवमासा आला होता. किनाऱ्याला लागलेले मोजून समुद्रातले कळत नाहीत. खड्यांच्या प्रयोगातले तुमचे ७ खडे कुठे राहिले होते, ते मात्र मुलांकडून शोधून घ्या. गवतात असतील, तर तो तुमचा बर्फ.