देश बदलून खेळणारे क्रिकेटपटू: तीन वर्षांचा थांबा सगळ्यांना सारखा का नको?

आडवी बॅट

आयसीसीच्या (आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या) नियमात एखाद्या देशाकडून खेळायचे तीन रस्ते आहेत: त्या देशात जन्म, त्या देशाचा पासपोर्ट किंवा लगतची सलग तीन वर्षं तिथलं वास्तव्य. इथवर तक्रार नाही. तक्रार पुढच्या कलमाबद्दल आहे. एका देशाकडून खेळून दुसऱ्याकडे जायचं तर आधीच्या देशासाठीच्या शेवटच्या सामन्यानंतर तीन वर्षं थांबावं लागतं. मात्र सहयोगी (कसोटी दर्जा नसलेल्या) देशातून पूर्ण सदस्य (कसोटी खेळणाऱ्या) देशाकडे जाणाऱ्याला हा थांबा माफ. उलट दिशेला नाही.

एड जॉइसचं प्रकरण पाहा. आयर्लंडचा हा डावखुरा फलंदाज इंग्लंडकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला जून २००६ मध्ये, बेलफास्टला, आणि समोर संघ होता आयर्लंडचाच. त्या दिवशी आयर्लंडकडून त्याचा भाऊ डॉमिनिक उतरला होता. जाताना थांबा शून्य. २००७च्या विश्वचषकानंतर इंग्लंडने त्याला विचारलं नाही. परत यायचं म्हटल्यावर मात्र तेव्हाचा चार वर्षांचा नियम आडवा आला. मुदत संपायच्या आधीच २०११चा विश्वचषक सुरू होत होता, म्हणून आयसीसीकडे हात जोडून खास सवलत मिळवावी लागली.

वर जाणाऱ्याला दार सताड उघडं, खाली येणाऱ्याला पहारेकरी. आयर्लंडचा मॉर्गन इंग्लंडला गेला, रँकिनही गेला, हाँगकाँगचा मार्क चॅपमन न्यूझीलंडला गेला, सिंगापूरचा टिम डेव्हिड ऑस्ट्रेलियाला. आणि न्यूझीलंडकडून निवृत्त झालेल्या रॉस टेलरला आईच्या सामोआकडून खेळायला एप्रिल २०२२ पासून तीन वर्षं मोजत बसावं लागलं. एक्केचाळिशीत उतरला बिचारा. माझं म्हणणं एवढंच, की थांबा ठेवायचा तर दोन्हीकडे ठेवा.

सिली पॉइंट

कळवळा समजला, पण थांब्याचा भुर्दंड बोर्डाला बसत नाही, खेळाडूला बसतो. मॉर्गन २००९ मध्ये गेला तेव्हा २२ वर्षांचा होता. तुमचा नियम असता तर २५ वर्षांचा होईपर्यंत तो ना आयर्लंडचा, ना इंग्लंडचा. आयर्लंडला पूर्ण सदस्यत्व मिळालं जून २०१७ मध्ये आणि पहिली कसोटी मे २०१८ मध्ये, मालाहाइडला पाकिस्तानविरुद्ध. तोवर कसोटी खेळायची इच्छा असलेल्या आयरिश पोराने काय करायचं होतं?

आणि टिम डेव्हिडला 'सिंगापूरचा' म्हणताना जरा बेताने. जन्म तिथला, पण दोन वर्षांचा असताना घरचे पर्थला परतले आणि सगळं क्रिकेट तो तिथंच शिकला. वडील सिंगापूरकडून खेळले होते म्हणून सिंगापूरने त्याला १४ टी-२० सामन्यांत खेळवलं. यात कुणी कुणाचा खेळाडू पळवला?

आडवी बॅट

टिम डेव्हिड सोडून दिला. चॅपमनचं काय? तो हाँगकाँगमध्ये जन्मला, तिथंच वाढला, एकदिवसीय पदार्पणात त्याने हाँगकाँगसाठी नाबाद १२४ केल्या. अशा बोर्डाकडे तसले दोन-तीनच असतात. एक गेला की पुढच्या पात्रता फेरीत संघ घसरतो, संघ घसरला की आयसीसीकडून येणारा पैसा आटतो, आणि पैसा आटला की पुढचा चॅपमन घडत नाही.

नाइटवॉचमन

तुम्ही दोघं नियमाच्या कलमांत अडकलात. गळतीचं सर्वांत मोठं भोक दक्षिण आफ्रिकेत पडलं आणि त्यातल्या बहुतेकांनी दुसऱ्या देशाची टोपी घातलीच नाही.

मारोश कोल्पाक हा स्लोव्हाकियाचा हँडबॉलपटू. २००३ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ज्या देशांचा युरोपीय संघाशी सहकार्य करार आहे, तिथल्या कायदेशीर कामगाराला परदेशी खेळाडूंच्या कोट्यात मोजायचं नाही. दक्षिण आफ्रिकेचाही असा करार होता. मग इंग्लिश काउंट्यांनी (तिथल्या प्रादेशिक संघांनी) डझनावारी खेळाडू उचलले. अट एकच: करार चालू असेतो स्वतःच्या देशाकडून खेळायचं नाही.

काइल अ‍ॅबटने हॅम्पशायरच्या करारावर ऑगस्ट २०१६ मध्ये सही केली आणि हे बाहेर आलं जानेवारी २०१७ मध्ये, केपटाऊनची कसोटी संपताना. मधले महिने तो आफ्रिकेकडून खेळतच होता. डुआन ऑलिव्हिए तर पाकिस्तानविरुद्ध तीन कसोटींत २४ बळी घेऊन पुढच्याच महिन्यात यॉर्कशायरकडे निघाला. पौंडाला तेव्हा सतरा-अठरा रँड मिळत. तीन वर्षांचा थांबा या दोघांना कसा अडवणार होता? त्यांना कुणाकडूनच आंतरराष्ट्रीय खेळायचं नव्हतं.

लेगबाय

पैशाचं निमित्त. खरं कारण रंगाधारित निवड. ते कुणी बोलत नाही.

नाइटवॉचमन

बोलतात की, आणि बरेचदा अर्धवट बोलतात. २०१६ पासूनचं उद्दिष्ट असं होतं: मोसमाच्या सरासरीत अकरांत सहा अश्वेत खेळाडू, त्यांतले किमान दोन कृष्णवर्णीय आफ्रिकन. प्रत्येक सामन्यात नव्हे, सरासरीत. त्याची झळ लागली ती संघाच्या काठावरच्या गोऱ्या खेळाडूंना. पण अ‍ॅबट आणि ऑलिव्हिए काठावरचे नव्हते, सोडून गेले त्या वेळी दोघंही संघात खेळत होते. शिवाय पुढे इंग्लंडकडून खेळलेल्या केविन पीटरसनने हेच कारण सांगत देश सोडला तो २०००च्या सुमारास, आई इंग्लिश असल्याच्या बळावर, आणि तो तिथल्या नाताळ प्रांताच्या संघाकडून मुख्यतः ऑफस्पिन टाकायचा. इंग्लंडला फलंदाज मिळाला, तो पुढे नॉटिंगहॅमशायरने घडवलेला. 'आमचा हिरा नेला' म्हणताना हेही मोजायला हवं.

सिली पॉइंट

यात दक्षिण आफ्रिकेचा ऑफस्पिनर सायमन हार्मर जोडा. २०१५ मध्ये मोहाली आणि नागपूरला खेळला, मग संघाबाहेर. एसेक्सकडे कोल्पाकवर गेला, २०१७ आणि २०१९ची काउंटी अजिंक्यपदं जिंकण्यात त्याचा मोठा वाटा. ब्रेक्झिटमुळे ३१ डिसेंबर २०२० ला कोल्पाकचा खेळ आटोपला, २०२२ मध्ये तो पुन्हा आफ्रिकेकडून दिसला. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलकाता आणि गुवाहाटी मिळून १७ बळी घेत आपल्याला घरच्या खेळपट्ट्यांवर २-० ने झोपवलं. त्याला कायमचं 'फितूर' ठरवलं असतं तर आफ्रिकेने ही मालिका कुणाच्या जिवावर जिंकली असती?

लाँगऑन

सगळी चर्चा परदेशात चाललीय, मुंबईचं काय? सौरभ नेत्रावळकर २०१०च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. हरमीत सिंग २०१२च्या विश्वविजेत्या संघातला. आता दोघं अमेरिकेचे. १२ जून २०२४ ला न्यूयॉर्कला नेत्रावळकरने कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि रोहितला तीनवर घालवलं तेव्हा टाळ्या वाजवणारे मुंबईकरच होते. इथल्या मैदानांवर, इथल्या प्रशिक्षकांच्या हाताखाली घडलेली पोरं आयती दुसऱ्याला. फुटबॉलमध्ये बदलीच्या रकमेतला पाच टक्के वाटा त्या खेळाडूला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांकडे जातो. क्रिकेटमध्येही भरपाई हवी.

नाइटवॉचमन

भरपाई कशाची? मुंबईने नेत्रावळकरला एक रणजी सामना दिला, कर्नाटकविरुद्ध. एक. त्यानंतर तो कॉर्नेलला संगणकशास्त्र शिकायला गेला, क्रिकेटसाठी नव्हे. ज्याला तुम्ही खेळवतच नाही त्याची किंमत कुठल्या तोंडाने मागणार?

पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले. त्यांच्यासारखाच डावखुरा फिरकीपटू बिशनसिंग बेदी संघात असल्यामुळे एक कसोटी नाही. अमोल मुझुमदारने पदार्पणात २६० केल्या, कारकिर्दीत ११ हजारांच्या वर धावा, भारताची टोपी नाही. निष्ठा म्हणून आपण या दोघांचे गोडवे गातो, पण त्यांच्यापुढे दुसरा रस्ता होताच कुठे? आणि पाच टक्के कशाचे काढणार? फुटबॉलमध्ये क्लब क्लबला पैसे मोजतो. इथे खेळाडू विमानाचं तिकीट स्वतः काढतो.

तिसरा पंच

भावना बाजूला ठेवून प्रत्यक्ष काय करावं लागतं ते लिहितो, कारण 'जातात आणि खेळतात' इतकं ते सोपं नाही.

भारतीय नागरिकाला दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे पासपोर्टचा रस्ता धरला की भारताचं नागरिकत्व सुटतं. उरतो वास्तव्याचा. बीसीसीआय खेळत्या पुरुष खेळाडूला परदेशी लीगची परवानगी देत नाही, म्हणून आधी भारतीय क्रिकेटमधून निवृत्ती, म्हणजे रणजी आणि आयपीएल दोन्हीवर पाणी. मग व्हिसा, मग तीन वर्षांचं घड्याळ.

घोळ बहुतेक वेळा या घड्याळात होतो. इंग्लंडच्या बोर्डाने २०१९ पासून सात वर्षांची अट तीनवर आणली (बार्बाडोसमध्ये जन्मलेला जोफ्रा आर्चर त्यामुळेच त्या वर्षीचा विश्वचषक खेळला), पण त्यात दर वर्षी, एप्रिल ते मार्च, किमान २१० दिवस देशात हजर राहायचं होतं. एका वर्षी जास्त राहून दुसऱ्या वर्षाची तूट भरून निघत नाही. हिवाळ्यात दोन परदेशी लीग आणि वर घरी लांब सुट्टी केली की हिशोब बिघडलाच. दक्षिण आफ्रिकेच्या डेव्हन कॉनवेने न्यूझीलंडकडून खेळण्यासाठी म्हणूनच जोहान्सबर्गचं घर-गाडी विकून २०१७ मध्ये वेलिंग्टन गाठलं. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस पात्र ठरला तेव्हा वय २९. पुढच्या जूनमध्ये लॉर्ड्सवर कसोटी पदार्पणात २००, हे त्याचं नशीब आणि कष्ट. भारताच्या १९ वर्षांखालील संघाचा कर्णधार राहिलेल्या उन्मुक्त चंदने ऑगस्ट २०२१ मध्ये निवृत्ती घेऊन अमेरिकेसाठी हेच केलं, २०२४ मध्ये पात्रही ठरला, आणि विश्वचषकाच्या संघात त्याचं नाव नव्हतं.

लाँगऑन

तरी २०२८ला लॉस एंजेलिसमध्ये अर्धी मुंबई अमेरिकेकडून ऑलिम्पिक खेळणारच ना?

तिसरा पंच

नाही, मेख तिथंच आहे. ऑलिम्पिक सनदेनुसार खेळाडू त्या देशाचा नागरिक लागतो, आयसीसीचं तीन वर्षांचं वास्तव्य तिथं चालत नाही. अमेरिकेत ग्रीन कार्डनंतर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्व मिळतं, अमेरिकन जोडीदार असेल तर तीन. स्पर्धा जुलै २०२८ मध्ये. म्हणजे पाच वर्षांच्या रस्त्याने जाणाऱ्याच्या हातात २०२३च्या मध्यालाच कार्ड हवं होतं. नोकरीच्या वर्गातून गेलेल्या भारतीयांची रांग किती लांब असते हे इथल्या निम्म्या वाचकांना माहीत असेल. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये आयसीसीने अमेरिकेच्या क्रिकेट मंडळाचं सदस्यत्वच निलंबित केलं.

आडवी बॅट

म्हणजे ऑलिम्पिकला 'नागरिक आहेस का' एवढा एकच प्रश्न, आणि तो सगळ्यांना सारखा. आयसीसीला तेवढंही जमू नये? चॅपमनबद्दलच्या मुद्द्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

सिली पॉइंट

देतो. चॅपमनचे वडील न्यूझीलंडचे, पासपोर्ट आधीपासून होता. तुमचा ऑलिम्पिकवाला निकष लावला तरी तो गेलाच असता.

आडवी बॅट

गेला असता, पण हाँगकाँगकडून खेळून झाल्यावर तीन वर्षं थांबून. ऑलिम्पिकमध्येही एका देशाकडून उतरून दुसऱ्याकडे जाणाऱ्याला तीन वर्षांचाच थांबा आहे, आणि तो कमी करायचा तर आधीच्या देशाच्या समितीची संमती लागते. हाँगकाँगला ती विचारण्यापुरती तरी किंमत द्या.