हक्कसोडपत्रावर सही मागतायत. ९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलीला हक्क असतो का?

नमस्कार मंडळी. जमिनीचे कायदे जाणणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

माहेर तासगाव तालुक्यातलं. वडिलोपार्जित सहा एकर, त्यात दोन एकर द्राक्षबाग. वडील २०११ साली गेले, मृत्युपत्र नाही. मागे आई, आम्ही दोघी बहिणी आणि भाऊ. वारस नोंदीत आई आणि भाऊ कब्जेदार म्हणून लागले, आम्हा बहिणींची नावं सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात गेली. तेव्हा आम्हीही काही विचारलं नाही.

आता भावाला बागेवर कर्ज काढायचंय. परवा व्हॉट्सअॅपवर हक्कसोडपत्राचा मसुदा आला. 'कोणत्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने' वगैरे, आणि मोबदल्यापुढे 'निरंक'. भाऊ म्हणतो, "ताई, नुसती सही तर करायचीय." मसुदा लिहिणाऱ्यानं त्याला सांगितलंय की मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणाऱ्या महाराष्ट्राच्या १९९४ च्या कायद्यात २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली बसत नाहीत. माझं लग्न १९९१ चं, म्हणजे मला हक्क नाही. धाकटीचं ९७ चं, तिला आहे. हक्कच नाही तर मी सोडू काय, असं विचारल्यावर भावानं फोन आईकडे दिला. शिवाय काका म्हणतात, वडिलांनी २००३ मध्येच तोंडी वाटणी करून सगळं भावाला दिलं होतं. कागद कुठलाच नाही.

भाऊ वाईट नाही हो. आईचं दुखणंखुपणं त्यानं आणि वहिनीनंच काढलंय. मला बाग नकोय, माहेर तोडायचं तर मुळीच नाही. पण त्या 'निरंक'वर सही करवत नाही. माझा हक्क खरंच नाही का? आणि भावाचं कर्ज न अडवता नाव राखायचा काही मार्ग आहे का?

प्रतिसाद (जुना कारकून):
ताई, १९९४ ची अट आता लागू नाही. केंद्राचा हिंदू उत्तराधिकार दुरुस्ती कायदा ९ सप्टेंबर २००५ पासून आला, त्यात लग्न कधी झालं हे बघत नाहीत. मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच वाटेकरी. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात तर वडील २००५ ला हयात असण्याचीही गरज नाही असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. तुमचे तर होते. तोंडी वाटणीचं म्हणाल तर २० डिसेंबर २००४ च्या आधीची नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याची वाटणी असेल तरच ती सहसा टिकते. नुसतं काकांचं तोंड एरवी चालत नाही. तुम्हा चौघांना चार-चार आणे, म्हणजे दीड-दीड एकर. 'इतर हक्कात' नाव असल्याने हिस्सा कमी होत नाही. सातबारा महसुलासाठी असतो, मालकी त्याने ठरत नाही.

प्रतिसाद (वकीलीण):
हक्कसोड एकदा नोंदवलं की मागे फिरणं फार अवघड, दावा लावून वर्षं जातात. चौघांची संमती असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घ्या. दोन एकर बाग भाऊ आणि आई यांच्या हिश्श्यात मिळून घाला, तुमची दीड एकर जिरायतीतून. मग त्याच्या कर्जाला तुमची सही लागणारच नाही. बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तालुका कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करा. आणि मसुद्यात गट नंबर कोणते घातलेत ते आधी वाचा. जमिनीच्या जोडीला गावातलं घरही गुपचूप घातलेलं असतं. २००५ पासून हिंदू उत्तराधिकार कायद्यातलं कलम २३ गेलंय, राहत्या घरातही मुलीला वाटणी मागता येते.

धागाकर्ती:
वाचलं. घराचा मिळकत नंबर आहे त्यात, दुसऱ्या पानावर. धाकटीला आत्ताच फोन लावते, तिनं अजून सही केली नसली म्हणजे मिळवली.