मायग्रेनला बीपीची गोळी?

परळवाला: आईला मायग्रेनसाठी न्यूरोच्या डॉक्टरांनी प्रोप्रानोलॉल दिलीय, केमिस्ट बोलला ही तर बीपीची, आता आई घ्यायलाच तयार नाही. बीपी नॉर्मल आहे तिचं. कोणाला अनुभव?

गोरेगावकर: देतात हो. अटॅक येऊच नये म्हणून रोज घ्यायची, डोकं ठणकायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही, आणि फरक पडायला काही आठवडे जातात. हात थरथरतात त्यालाही हीच, थायरॉइडच्या धडधडीलाही. मूळ शोध जेम्स ब्लॅक यांनी छातीत दुखण्यासाठी लावलेला, १९८८ला नोबेल मिळालं त्यांना. नाडी मंदावते, सुरुवातीला थकवा, हातपाय गार, आमची ही तर दादरचा पूल चढताना मध्येच थांबायची.

सुमा_ताई: अरे आधी दमा आहे का ते सांग!! श्वासनलिका आवळतात हिच्याने. डायबेटिस असेल तरी डॉक्टरांच्या कानावर घाल, शुगर उतरल्यावर होणारी धडधड कळतच नाही, घाम तेवढा येतो.

परळवाला: दमा नाही ताई, शुगर आहे, उद्याच फोन करतो. बरं वाटल्यावर बंद केली तर?

गोरेगावकर: मनाने एकदम अजिबात नाही! बीपी उसळू शकतं, हार्टचा त्रास असेल तर अजून डेंजर. डॉक्टरच हळूहळू डोस उतरवतात.